काचेच्या पेटीतील सागरतळ

खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी उभारताना काच, दिवे, पंप आणि मीठ यांची चौकशी जितक्या बारकाईने केली जाते, तितक्या बारकाईने तळाशी पसरायच्या वाळूची होत नाही. रंग मनात भरला आणि पिशवीची किंमत परवडली की निवड झाली, असेच बहुधा घडते. वास्तविक टाकीतील इतर बहुतेक साहित्य पुढे केव्हाही बदलता येते. पंप नवा आणता येतो, दिव्यांची उंची कमी-जास्त करता येते. परंतु खडकांची रचना होऊन त्यांवर प्रवाळ वाढू लागले आणि माशांनी आपापल्या जागा धरल्या, की तळाची वाळू काढून दुसरी घालणे हे टाकी मोडून नव्याने उभारण्याइतकेच जिकिरीचे काम होऊन बसते. म्हणून वाळूचा विचार आरंभीच व्हायला हवा, आणि तो करताना त्या वाळूवर व त्या वाळूत कोणते जीव राहणार आहेत, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे. दाण्याचा आकार आणि थराची जाडी या दोन गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून असतात. खनिजाचा प्रश्न, ज्यावर सर्वाधिक चर्चा होते, तो त्यांच्यानंतर येतो.

भूशास्त्रात ०.०६२५ ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणाला वाळू म्हणतात, मग तो कण कशापासूनही झालेला असो. नद्यांनी वाहून आणलेली वाळू खडकांच्या झिजेतून तयार होते आणि तिच्यात क्वार्ट्झ म्हणजे गारेचे कण पुष्कळ असतात, तर उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींभोवतीची पांढरी वाळू जवळजवळ संपूर्णपणे सजीवांची निर्मिती असते. प्रवाळांचे सांगाडे, शंख-शिंपल्यांचे तुकडे, फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे आणि हॅलिमिडा नावाच्या हिरव्या शैवालाच्या चुनायुक्त चकत्या असे सारे तिच्यात मिसळलेले असते. पोपटमासे आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतात, त्यावरचे शैवाल पचवतात आणि दळला गेलेला चुनखडक विष्ठेवाटे बाहेर टाकतात. एखादा मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू अशा रीतीने तयार करतो. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवरील पांढरी पुळण अशाच जैविक वाळूची आहे.

मत्स्यटाक्यांसाठी जगभर विकल्या जाणाऱ्या वाळूपैकी एक प्रसिद्ध प्रकार मात्र याहून वेगळ्या रीतीने जन्मतो. बहामाज द्वीपसमूहाभोवतीच्या उथळ, उबदार आणि सतत हलणाऱ्या पाण्यात एखाद्या सूक्ष्म कणाभोवती कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर एकावर एक चढत जातात आणि त्यातून गुळगुळीत, गोलसर दाणे तयार होतात, ज्यांना ओओलाइट म्हणतात. तेथील ओशन के या मानवनिर्मित बेटावरून अनेक वर्षे ही वाळू औद्योगिक प्रमाणावर उपसली गेली. या दाण्यांतील खनिज ॲरॅगोनाइट आहे. ॲरॅगोनाइट आणि कॅल्साइट या दोहोंचे रासायनिक सूत्र एकच, कॅल्शियम कार्बोनेट. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा, आणि त्या फरकामुळे ॲरॅगोनाइट किंचित जड व किंचित अधिक विद्राव्य ठरतो. दगडी प्रवाळांचे सांगाडेही ॲरॅगोनाइटचेच असतात.

या विद्राव्यतेवरूनच एक समज फार पसरला आहे. ॲरॅगोनाइटची वाळू घातली की ती हळूहळू विरघळते, पाण्यातील कॅल्शियम व क्षारता भरून काढते आणि सामू, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्कधर्मीयता मोजणारा पीएच हा अंक, आपोआप स्थिर राखते, असे विक्रेते सांगतात आणि ग्राहक ते मान्य करतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागाजवळील पाणी मुळातच कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते, म्हणजे त्या पाण्यात जितके विरघळू शकते त्याहून अधिक आधीच विरघळलेले असते, आणि त्यामुळे ८.१ ते ८.३ सामू असलेल्या निरोगी टाकीत ॲरॅगोनाइटचा दाणा जसाच्या तसा राहतो. प्रवाळपालक ज्या कॅल्शियम रिॲक्टरमध्ये हाच पदार्थ मुद्दाम विरघळवतात, तेथे कार्बन डायऑक्साइड सोडून पाण्याचा सामू साडेसहाच्या आसपास उतरवावा लागतो, यावरूनच ही गोष्ट स्पष्ट व्हावी. वाळूच्या खोल थरात जिवाणूंच्या श्वसनाने सामू घसरतो आणि तेथे थोडेफार विरघळणे होते, हे खरे. परंतु वाढत्या दगडी प्रवाळांची गरज त्यातून भागत नाही. नैसर्गिक समुद्रजलात दर लिटरला सुमारे ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि क्षारता जर्मन मापाने ७ ते ८ अंश भरते. ही पातळी राखण्यासाठी नियमित चाचणी, पाणीबदल आणि आवश्यक तेथे पूरक द्रावणे यांना वाळू पर्याय ठरू शकत नाही.

तरीही कार्बोनेट वाळूच श्रेयस्कर ठरते, ती अन्य कारणांसाठी. तिचे दाणे बहुधा गोलसर व मऊ असल्याने तळाशी वावरणाऱ्या जिवांच्या अंगाला, तोंडाला आणि कल्ल्यांना ओरखडे पडत नाहीत. तिचा फिकट रंग प्रकाश परावर्तित करतो. आणि प्रवाळभित्तीवरील जीव ज्या तळावर उत्क्रांत झाले, त्याच्याशी ती सर्वांत जवळची असते. याच्या उलट क्वार्ट्झच्या वाळूवर होणारा मुख्य आरोप बराचसा अन्यायाचा आहे. या वाळूतून सिलिका पाण्यात उतरते आणि त्यामुळे डायाटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवले, वाढून टाकीवर तपकिरी थर चढतो, असे म्हटले जाते. परंतु क्वार्ट्झ सामान्य तापमानाला इतका मंद विरघळतो की त्याचा हा वाटा नगण्य असतो. नव्या टाकीतील तपकिरी थराचे कारण बहुधा नळाच्या पाण्यातील सिलिकेट हे असते आणि त्यावरचा उपाय आरओ-डीआय यंत्राचे, म्हणजे पडद्यातून गाळून आयनमुक्त केलेले, पाणी वापरणे हा आहे. क्वार्ट्झ वाळूचा खरा दोष तिच्या कडांत आहे. बांधकामासाठी किंवा यंत्राने दळून तयार केलेली वाळू टोकदार असते, तिच्यात धूळ आणि लोहयुक्त कण मिसळलेले असतात, आणि नेमकी तीच बाजारात सर्वांत स्वस्त मिळते.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या हौशी पालकाच्या मनात येथे साहजिकच प्रश्न येतो की, समुद्र दारातच असताना वाळू विकत का घ्यावी. याचे पहिले उत्तर भूशास्त्रातच आहे. कोकण किनाऱ्यावरील वाळू सह्याद्रीच्या बेसॉल्ट व जांभ्या दगडाच्या झिजेतून आलेल्या कणांची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची मिसळण असते. रत्नागिरी परिसरातील काही किनाऱ्यांवर तर इल्मेनाइट व मॅग्नेटाइट या जड, काळ्या, लोहयुक्त खनिजांचे साठेच आहेत. असे चुंबकाला चिकटणारे कण काच पुसण्याच्या चुंबकी घासणीत अडकतात आणि काचेवर कायमचे चरे उमटवतात. पंपाच्या चुंबकी फिरकीभोवती साचून ते पंपही निकामी करतात. बाजारातील शोभिवंत काळ्या वाळूबाबतही हाच धोका संभवतो, म्हणून ती घेण्यापूर्वी कागदाआडून चुंबक फिरवून पाहणे इष्ट. दुसरे उत्तर पाण्याच्या गुणवत्तेचे आहे, कारण वस्तीजवळच्या किनाऱ्यावरील वाळूत सांडपाणी, तेलाचे अंश आणि प्लॅस्टिकचे सूक्ष्म तुकडे असण्याची शक्यता मोठी असते. तिसरे उत्तर कायद्याचे आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्रात वाळूच्या उपशावर निर्बंध आहेत. आणि दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाल्यापासून भारतीय समुद्रातील प्रवाळ गोळा करणे हा गुन्हा आहे. हे संरक्षण मृत सांगाड्यालाही लागू पडते. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी दशकानुदशके प्रवाळ खणले गेले आणि तेथील भित्तींची अपरिमित हानी झाली. मालवणच्या समुद्रातील प्रवाळवस्ती तर विस्ताराने लहान आणि म्हणून अधिकच नाजूक आहे. ‘क्रश्ड कोरल’ या नावाने मिळणारी भरड कुठून आली, याचे समाधानकारक उत्तर विक्रेत्याला देता येत नसेल, तर ती घेऊ नये. घरातील एका पेटीत समुद्राची प्रतिकृती उभी करण्यासाठी खऱ्या समुद्राचा तळ ओरबाडणे कोणत्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही.

आता दाण्याच्या आकाराकडे वळता येईल. बाजारात साधारणपणे तीन प्रती मिळतात: अर्ध्या ते एक मिलिमीटरची, बारीक रव्यासारखी दिसणारी वाळू, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम वाळू, आणि तीन ते पाच मिलिमीटरची, भूशास्त्रीय व्याख्येनुसार वाळूत न बसणारी भरड. यांतील भरड नवख्यांना आवडते, कारण ती प्रवाहाने उडत नाही आणि धुण्यास सोपी असते. तिचा तोटा काही महिन्यांनी उघड होतो. दोन खड्यांमधल्या मोठ्या फटींत उरलेले अन्न आणि विष्ठा खोलवर शिरते, पाण्याचा प्रवाह ते वर उचलू शकत नाही, तळातील किडे-गोगलगायी तेथवर पोहोचत नाहीत, आणि ते कुजून नायट्रेट व फॉस्फेट वाढत राहते. भरड वापरायचीच असेल तर दर पाणीबदलाच्या वेळी नळीने ती उपसून स्वच्छ करण्याची तयारी हवी. बारीक वाळूत घाण वरच्या वर राहते आणि तेथेच तिचा फडशा पडतो, मात्र जोरदार पंपासमोर ती उडून खडकांवर व प्रवाळांवर बसते. अॅक्रोपोरासारख्या, प्रखर प्रवाह लागणाऱ्या प्रवाळांच्या टाकीत म्हणूनच एक ते दोन मिलिमीटरची वाळू हा सोयीचा मध्यममार्ग असतो. काही अनुभवी पालक तर अशा टाकीत वाळू मुळीच घालत नाहीत आणि काच उघडीच ठेवतात, ही पद्धतही सर्वस्वी मान्य आहे.

वाळू घालायची ठरली, तर तिच्यात राहणारे प्राणी हेच खरे परीक्षक. व्हॅलेन्सिएनिया वंशातील गोबी मासे तोंडभर वाळू उचलतात, तिच्यातील सूक्ष्म जीव गाळून घेतात आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून देतात. एक मिलिमीटरहून मोठा आणि टोकदार दाणा त्यांच्या कल्ल्यांना इजा करतो. त्यांना बारीक वाळू दिली तरी ती जिवंत हवी, कारण नव्या, निर्जीव वाळूत गाळून घेण्यासारखे काहीच नसल्याने हे मासे दिवसभर राबूनही खंगत जातात. हॅलिकोएरिस वंशातील रास मासे रात्री आणि भीती वाटताच वाळूत सूर मारून पुरून घेतात, आणि त्यासाठी किमान पाच सेंटिमीटर जाडीचा मऊ थर आवश्यक असतो. उथळ किंवा खरखरीत तळावर त्यांच्या तोंडाला जखमा होतात. पिस्टल कोळंबी आणि तिच्यासोबत बिळात राहणारा गोबी यांची गरज याहून वेगळी आहे. ही कोळंबी दृष्टीने अधू असते; ती बीळ खोदते आणि डागडुजी करते, तर मासा तोंडाशी पहारा देतो आणि कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून धोक्याची सूचना घेत राहते. निव्वळ बारीक वाळूत त्यांचे बीळ ढासळते, म्हणून बारीक वाळूत शिंपल्यांचे व खडकाचे लहान-मोठे तुकडे मिसळावे लागतात, जे कोळंबी छताला आधार म्हणून बसवते. जॉफिश या उभे बीळ खणणाऱ्या माशाला अशीच मिसळण दहा सेंटिमीटर किंवा अधिक जाडीची लागते. नासारियस गोगलगायी मात्र बारीक वाळूच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातही सुखाने राहतात आणि अन्नाचा वास येताच एकदम वर येतात. ॲस्ट्रोपेक्टेन हा वाळूत फिरणारा तारामासा तळ स्वच्छ ठेवतो म्हणून शिफारसीने विकला जातो. प्रत्यक्षात तो तळातील उपयुक्त सूक्ष्म जीव खाऊन संपवतो आणि नंतर स्वतःही उपाशी मरतो. घरगुती आकाराच्या टाकीत त्याला ठेवू नये.

थराची जाडी ठरवण्यासाठी नायट्रोजनचे चक्र समजून घेणे आवश्यक आहे. माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या अन्नातून विषारी अमोनिया तयार होतो. ऑक्सिजन असलेल्या जागी राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही क्रिया वाळूच्या वरच्या थरात आणि खडकांवर सहज होते. नायट्रेटचे पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू मात्र ऑक्सिजन संपलेल्या जागीच काम करतात, आणि अशी जागा वाळूच्या खोल थरात मिळते. मोनॅकोत प्रवाळांवर काम करणारे जाँ जोबेर यांनी १९८० च्या दशकात टाकीच्या तळाशी जाळीखाली पाण्याची पोकळी ठेवून तिच्यावर भरड वाळूचा जाड थर देण्याची पद्धत प्रसिद्धीस आणली. पुढे अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीविना, बारीक वाळूच्या खोल थराचा आणि त्यातील किड्यांच्या वस्तीचा हिरिरीने पुरस्कार केला. या दोन पंथांतला वाद बरीच वर्षे गाजला, परंतु रॉबर्ट टूनन आणि ख्रिस्तोफर वी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत पोकळी असण्या-नसण्याने उल्लेखनीय फरक पडत नसल्याचे दिसले.

व्यवहारात तीन ते पाच सेंटिमीटरचा उथळ थर बहुसंख्य टाक्यांना योग्य ठरतो, कारण तो दिसायला चांगला, राखायला सोपा आणि बहुतेक जिवांना पुरेसा असतो, तर विनायट्रीकरणासाठी, म्हणजे नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर व्हावे म्हणून, मुद्दाम केलेला थर दहा ते पंधरा सेंटिमीटरचा हवा. खोल थराच्या मोहात पडण्यापूर्वी त्याची दुसरी बाजूही पाहावी. समुद्रजलात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, आणि जेथे नायट्रेटही संपते तेथे काही जिवाणू या सल्फेटचा वापर करून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू तयार करतात. काचेलगत दिसणारे काळे डाग याच क्रियेचे आहेत. थर अस्पर्शित राहिला तर हा वायू वर येताना ऑक्सिजनयुक्त पाण्यात नष्ट होतो. वर्षानुवर्षांचा जाड थर एकदम ढवळला गेला, तर मात्र तो टाकीतील मासे मारू शकतो.

वजनाचा हिशेबही खरेदीआधी करावा. लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार केला व हजाराने भागले की वाळूचे आकारमान लिटरमध्ये मिळते, आणि कोरड्या कार्बोनेट वाळूसाठी त्याला साधारण दीडने गुणले की वजन किलोत येते. १२० बाय ४५ सेंटिमीटर तळाच्या टाकीत चार सेंटिमीटर थरासाठी अशा रीतीने सुमारे ३२ किलो वाळू लागते. त्याच टाकीत बारा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर ती ९७ किलोंवर जाते, आणि एवढा भार स्टँड व फरशी यांना पेलवेल का, हे पाहावे लागते.

पिशवी घरी आली की काही सोप्या चाचण्या जरूर कराव्यात. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकले आणि बुडबुडे आले तर ती कार्बोनेटची आहे. ॲरॅगोनाइट की कॅल्साइट हे मात्र यातून कळत नाही. काचेच्या बरणीत वाळू व पाणी घेऊन हलवले आणि पाणी बराच वेळ दुधाळ राहिले तर धूळ जास्त आहे असे समजावे. थोडी वाळू ताज्या खाऱ्या पाण्यात काही दिवस भिजवून त्या पाण्यातील फॉस्फेट मोजणे सर्वांत मोलाचे, कारण कार्बोनेटचे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. कोरडी वाळू पाणी बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत धुऊन शेवटचे पाणी आरओचे वापरावे. ओली, जिवाणूंसह पिशवीबंद केलेली ‘लाइव्ह सँड’ धुऊ नये. ही महागडी वाळू उपयोगी असली तरी अपरिहार्य नाही, कारण ओळखीच्या निरोगी टाकीतील वाटीभर वाळू कोरड्या वाळूवर पसरली तर किडे, सूक्ष्म कवचधारी आणि जिवाणू यांची वस्ती तिच्यातून पसरते, आणि या वस्तीत पिशवीत टिकू न शकणारे जीवही असतात. कोणत्याही वाळूने सुरुवात केली तरी चार ते सहा आठवडे अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्याची वाट पाहावीच लागते.

खडक मात्र वाळूच्या आधी, थेट काचेवर किंवा आधारावर बसवावेत. वाळूवर ठेवलेला खडक बीळ खणणाऱ्या जिवांच्या पोखरणीने कलंडतो, आणि त्याखाली मासा चिरडला जाणे किंवा काच तडकणे हे दोन्ही प्रकार घडतात. माशांच्या रोगांवर तांब्याचे औषध या टाकीत कधीही घालू नये, कारण कार्बोनेट वाळू व खडक तांबे शोषून घेतात, औषधाची मात्रा अनिश्चित होते आणि पुढे अपृष्ठवंशीय जिवांना धोका राहतो. उपचारासाठी उघड्या काचेची वेगळी टाकी ठेवावी.

उथळ थराचा वरचा भाग पाणीबदलाच्या वेळी हलकेच नळीने फिरवून घ्यावा, एका वेळी तळाचा एखादाच भाग घ्यावा आणि खोल थराला तर हातच लावू नये. काही वर्षांनी वाळू फॉस्फेटने भरली, घट्ट गोळे धरू लागली आणि बदलणे भागच पडले, तर एका वेळी सुमारे चौथा हिस्सा पंप बंद करून नळीने पाण्यासह शोषून काढावा, त्या जागी धुतलेली वाळू रुंद नळीतून तळाशी सोडावी, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे अमोनियाची चाचणी सतत शून्य येत राहिली तरच पुढच्या हिश्शाला हात घालावा.